शेजाऱ्यांच्या किल्ल्या

४ फेब्रुवारी

आज एक कुलूप विकलं जाणार होतं. गिऱ्हाइकाने ते हातात तोललं, खटकन लावून पाहिलं, पाकीटही बाहेर काढलं आणि विचारलं, "चांगलं आहे ना?"

कुठे लावणार, असं मी विचारलं. बाहेरच्या फाटकाला, म्हणाला. मग सांगणं भागच होतं की या कुलपात पाणी शिरतं आणि आतली स्प्रिंग गंजते. उघड्यावर टिकेल असं माझ्याकडे सध्या काही नाही. मोठ्या बाजारात मिळेल. कोणत्या दुकानात, तेही सांगितलं. तो इतका खूश झाला की माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अशी माणसं राहिली नाहीत हो." आणि मोठ्या बाजारात गेला.

कुलपांच्या कारखान्यात तपासणी विभागात मी निम्मं आयुष्य काढलं. काम एकच, सदोष माल ओळखून बाजूला टाकणं. कारखाना बंद पडल्यावर हे दुकान टाकलं तेव्हा मेहुणा म्हणाला होता, "जावईबापू, आजवर तुम्ही कुलपं नापास केलीत. आता जरा पास करायची सवय लावा."

घरी येऊन बायकोला फाटकवाल्याची गोष्ट सांगितली. ती भाजी निवडत होती.

"म्हणजे आज दिवसभर आपण त्या दुसऱ्या दुकानाची जाहिरात केली."

"विश्वास निर्माण झाला," मी म्हणालो.

"हो का? तो काय भावाने विकता?"

१३ फेब्रुवारी

मेहुण्याने व्यापारी मंडळात एका व्याख्यानाला नेलं. छोट्या दुकानदाराने गिऱ्हाइकाचा विश्वास कसा मिळवावा, हा विषय. वक्ते कोट घालून आले होते आणि प्रत्येक वाक्यानंतर हसत होते. गिऱ्हाइकाच्या घरच्यांची चौकशी करा. त्याची एखादी छोटी अडचण फुकट सोडवा. त्याला तुमच्याकडे पुन्हा यायला कारण द्या. मी सगळं लिहून घेतलं. एक शंकाही विचारली: चौकशी मनापासून वाटली नाही तरी करावी का? सभागृहात हशा पिकला. मला विनोद करायचा नव्हता.

परत येताना मेहुण्याने गाडी थांबवून विषय काढला. दुकानाचा भाडेकरार जूनअखेर संपतो. तोवर बस्तान बसलं तर ठीक, नाहीतर जुलैपासून त्याच्या गोदामात देखरेखीला या. पगार चांगला आहे. माणूस मनाने चांगला आहे, फक्त दर वाक्यात माझ्या खांद्यावर थाप मारतो.

बायकोला सांगितलं तर म्हणाली, "दादाच्या गोदामाला खिडकी आहे का?"

हा काय प्रश्न झाला? नाही, म्हणालो. तिला दुकान बंद व्हावंसं वाटतं, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. तिच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं.

१६ फेब्रुवारी

व्याख्यानातला पहिला मुद्दा वापरून पाहिला. समोरच्या फुटपाथवरून दाताचे डॉक्टर चालले होते. मी दारात जाऊन हसलो आणि म्हणालो, "काय डॉक्टर, आई कशी आहे?"

"आई गेली," ते म्हणाले. "तुम्ही आला होतात की."

आलो होतो. नुसता आलो नव्हतो, शेवटपर्यंत थांबलो होतो. विचारताना मी मुद्दा क्रमांक एकचा विचार करत होतो, त्यांच्या आईचा नाही. दिवसभर तोंड कडू.

डॉक्टर मात्र संध्याकाळी स्वतःहून दुकानात आले. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका. अहो, तोंड इतकं पडलंय तुमचं की मलाच कसंतरी झालं." जाता जाता घराची एक किल्ली काउंटरवर ठेवली. "दवाखान्यात असलो की घरचं कुणीतरी बाहेर अडकतं. ही तुमच्याकडे असू दे."

कुलूप घेतलं नाही.

९ मार्च

डॉक्टरांची किल्ली माझ्याकडे आहे हे आमच्या घरांच्या सगळ्या ओळीत पसरलं. शिवणवाल्या ताई स्वतःची घेऊन आल्या, मग त्यांच्या शेजारी राहणारे जाड चष्म्याचे काका, मग आणखी लोक. आमच्याकडे घरं एकाला एक लागून आहेत आणि माझं दुकान ओळीच्या तोंडाशी, त्यामुळे सोयीचं पडतं. मी काउंटरमागे फळी ठोकली, खुंट्या बसवल्या.

किल्लीवर नाव लिहिणं धोक्याचं. उद्या कुणाच्या हाती लागली तर? म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर फक्त मलाच कळेल अशी खूण लिहिली. डॉक्टर: "आई". शिवणवाल्या ताई: "खोकला". जाड चष्म्याचे काका: "चहा नको म्हणतात, मग पितात". यात कोणाचा अपमान नाही ना, यावर बराच विचार केला. पण चिठ्ठ्या कोणी वाचणार नाही, वाचल्या तरी कळणार नाहीत.

बायको फळी बघून म्हणाली, "छान. सगळ्या जगाच्या किल्ल्या आपल्याकडे, आणि आपली कुलपं आपल्याकडेच."

तिने मात्र येऊन सगळ्या कुलपांवरची धूळ पुसली. रंगाप्रमाणे पुन्हा लावली. बंद करायचंच असेल तर हे कशाला, असं माझ्या मनात आलं. नीटनेटकेपणाची सवय, दुसरं काय.

२७ मार्च

आज बाई आल्या. बाई म्हणजे आमच्या ओळीतल्या शेवटच्या घरातल्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका. एकट्याच राहतात. त्यांचं बोलणं अजून वर्गातल्यासारखंच आहे. समोरचा आपोआप सरळ उभा राहतो.

किल्ली द्यायला आल्या होत्या, पण बसल्या. पिशवीत त्यांच्या यजमानांचं टेबलावरचं घड्याळ होतं, पितळी, किल्ली द्यायचं. मागची तबकडी सैल झाली होती. मी स्क्रू आवळून दिला. टिकटिक अशी की जणू कोणीतरी सुतारकाम करतंय.

"यजमान गेल्यापासून हे एकदाही थांबू दिलेलं नाही," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी किल्ली देते. ते द्यायचे तशी."

स्क्रूचे पैसे घ्यायला मी नाही म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मग तुम्ही जेवता काय?"

बायको डबा घेऊन आली होती. दोघी बराच वेळ बाहेरच्या पायरीवर बोलत बसल्या. मी हिशेबाच्या कामात होतो. हिशेब लवकर संपला, कारण होताच किती.

१८ एप्रिल

भयंकर गोष्ट घडली.

शिवणवाल्या ताईंचं दार ओढलं गेलं, किल्ली आत. त्या धावत आल्या. "अहो, गॅसवर दूध ठेवलंय!" मी खुंटीवरची किल्ली काढून दिली. त्या दार उघडून, दूध उतरवून, किल्ली परत करून गेल्यासुद्धा. मग माझ्या लक्षात आलं की "खोकला" ही किल्ली जागेवरच आहे. मी "चहा नको म्हणतात, मग पितात" दिली होती.

म्हणजे काकांच्या किल्लीने ताईंचं दार उघडलं.

दुकान बंद करून मी सगळ्या किल्ल्या काउंटरवर मांडल्या आणि भिंग घेऊन दाते पाहिले. घरं बांधणाऱ्याने एकाच खोक्यातली अगदी स्वस्त कुलपं सगळ्या दारांना बसवली आहेत. दात्यांचे नमुने मोजकेच. डॉक्टरांची किल्ली बाईंच्या दाराला चालेल, आणखी दोघांची एकमेकांना. कारखान्यात असं खोकं माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते दाराबाहेरच ठेवलं असतं.

दोन गोष्टींनी मन खातं. ही कुलपं मुळात नालायक आहेत, आणि मी चुकीची किल्ली दिली. दुसरी जास्त खाते.

१९ एप्रिल

दारोदार जाऊन सांगितलं. आधी ताईंची आणि काकांची माफी मागितली.

काका म्हणाले, "अरे वा! म्हणजे माझी किल्ली हरवली तर हिची चालेल. हे आधी का नाही सांगितलंत?"

ताई म्हणाल्या, "काका माझ्या घरात येऊन काय करणार? ब्लाउज शिवून घेणार?" आणि खोकला येईपर्यंत हसल्या.

डॉक्टर म्हणाले, "इथे कोण चोरी करायला येतंय? शिवाय किल्ल्या तुमच्याकडे आहेत. याहून सुरक्षित काय?"

मी म्हणालो की माझ्या खुंटीचा आणि चोराचा काही संबंध नाही. कुलूपच वाईट आहे. बदला. माझ्याकडूनच घ्या असं नाही, मोठ्या बाजारात घ्या, पण बदला. सगळ्यांनी मान डोलावली. बाई तेवढ्या गंभीर झाल्या. "तुमचं म्हणणं बरोबर आहे," म्हणाल्या. "पण बरोबर उत्तर सांगितलं म्हणून वर्गाला पटतं असं नाही. मी आयुष्यभर पाहिलंय."

२० मे

एकही कुलूप बदललं गेलेलं नाही. फळीला मात्र खुंट्यांची दुसरी ओळ लावावी लागली. आज एकाने दुकानात मूल ठेवलं आणि बँकेत गेला. ताईंनी मुलीच्या स्थळाबद्दल सल्ला विचारला. मुलगा बरा वाटतो का? मी म्हणालो, मला फक्त कुलपांतलं कळतं, तेही लोक ऐकत नाहीत.

मेहुणा येऊन गेला. खुंट्या मोजल्यासारखं केलं, खांद्यावर थाप मारली. "जावईबापू, विश्वास ओसंडून चाललाय. गोदामात टेबल लावून ठेवलंय मी."

बायकोने त्याला चहा दिला आणि म्हणाली, "दादा, जूनअखेर म्हणजे जूनअखेर. आधी टेबल लावू नकोस."

तो गेल्यावर तिने फळीवरच्या किल्ल्या एकेक करून पाहिल्या. मग म्हणाली, "तुमच्या दुकानाला एक चोरी पाहिजे."

मी म्हणालो, असलं थट्टेतही बोलू नये.

"बरं," ती म्हणाली.

२ जून

बायकोचं आणि बाईंचं फारच जमलंय. आजही दुपारभर तिकडे होती. गणित शिकायला जाते का, असं विचारलं तर म्हणाली, "हो. शाब्दिक उदाहरणं." येताना मोठी कापडी पिशवी होती. मी घ्यायला पुढे झालो तर मागे सरकली. रजईची जुनी खोळ आहे म्हणे, उसवायची आहे. खोळीसाठी दोन्ही हातांनी पोटाशी धरून यायची काय गरज होती कोण जाणे.

३ जून

बाईंकडे चोरी झाली.

टेबलावरचं घड्याळ गेलं. यजमानांचं. दार मोडलेलं नाही, कडी-कोयंडा जागच्या जागी. म्हणजे किल्लीने उघडलं. मी ऐकताच दुकानाकडे धावलो. आधी फळीकडे पाहिलं. बाईंची किल्ली ("सरळ उभं राहा") जागेवर. पण काल मी चहाला बाहेर गेलो होतो. दुकान उघडं होतं का? कुलूप लावलं होतं, असं आठवतं. आठवतं की आठवावंसं वाटतं?

सगळे बाईंच्या दारात जमले होते. मी सर्वांसमोर सांगितलं की यांची किल्ली माझ्याकडे आहे, आणि काल ती क्षणभरही हलली नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

"गप्प बसा हो," काका म्हणाले. "तुम्ही चोर असाल तर मी फुटबॉलपटू."

बाईंनी हात वर केला. सगळे सरळ उभे राहिले. "यांनी एप्रिलमध्ये घरोघर येऊन सांगितलं होतं की या कुलपांना कुठलीही किल्ली चालते. आपण काय केलं? हसलो. मीही ऐकलं नाही. आता बसते घड्याळ आठवत." त्यांचा आवाज ठणठणीत होता. किती धीराची बाई! माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

पोलिसांत जाऊ या, मी म्हणालो. बाई म्हणाल्या, "नको, नको. एका घड्याळासाठी पोलीस कशाला? तुम्ही आधी मला चांगलं कुलूप बसवून द्या."

बायको माझ्याशेजारीच उभी होती. तिने तोंडाला पदर लावला होता. तिचा बाईंवर जीव आहे.

५ जून

काल आणि आज मिळून दुकानातली दारांची सगळी कुलपं संपली. प्रत्येकाला आधी दोष सांगितले. हे जरा जड फिरतं, याचा रंग उडतो. काका म्हणाले, "दोष नंतर सांगा, आधी बसवा." नवीन माल मागवला आहे.

आणि माझी अवस्था अशी की विक्री होतेय तर खायला उठतेय. बाईंच्या दुःखावर माझं दुकान चाललंय. बायकोला हे बोलून दाखवलं.

"पण कुलपं खरंच वाईट होती ना?" तिने विचारलं.

"होती."

"नवी चांगली आहेत ना?"

"आहेत. जरा जड फिरतात."

"मग जेवा."

७ जून, रविवार

मनावरचा ताण अंगावर उतरू लागला आहे. दुपारी आडवा झालो तर कानात टिकटिक. बाईंच्या घड्याळाची, अगदी तशीच, सुतारकाम केल्यासारखी. उठून बसलो तरी चालूच. बायकोला विचारलं, तुला काही ऐकू येतं का?

"नाही बाई," ती म्हणाली. आणि रेडिओ लावला. एरवी दुपारी तिला रेडिओ चालत नाही.

११ जून

टिकटिक थांबत नाही. दुकानात नसते, घरीच असते. विशेषतः माळ्याखाली उभं राहिलं की जास्त. डॉक्टरांना विचारलं. ते दातांचे, तरी म्हणाले की अपराधीपणाच्या भावनेने असं होऊ शकतं. मला वाटलंच होतं.

बायकोची अलीकडे एक नवी सवय: सकाळी उठल्याबरोबर स्टूल घेऊन माळ्यावर हात घालते. विचारलं तर म्हणाली, झुरळांची पावडर टाकते. रोज टाकावी लागते म्हणे. ती टाकताना बारीक करकर आवाज येतो. पावडरीचा डबा गंजलेला असावा.

तिला म्हणालो, घड्याळ सापडेपर्यंत मला चैन पडणार नाही. मी बाईंना तसंच नवं घेऊन देणार आहे, आणि वर्तमानपत्रात निवेदन देणार आहे की चोरीला नैतिकदृष्ट्या मी जबाबदार आहे.

तिच्या हातातलं ताट खाली ठेवलं गेलं. "वर्तमानपत्रात?"

"परवा देतो."

"परवा नको," ती म्हणाली. "बाईंना विचारून मग द्या. मी आत्ता जाऊन येते." आणि त्या भरदुपारी गेलीसुद्धा. जाताना ती खोळीची पिशवी घेऊन गेली. उसवून झाली असेल.

१२ जून

घड्याळ सापडलं!

बाई स्वतः दुकानात आल्या. त्यांच्याच ट्रंकेत, शालींच्या खाली होतं. त्यांनीच ठेवलं होतं आणि विसरल्या. "वय झालं," म्हणाल्या. मला खरं वाटेना. या बाई अजून तीन आकडी गुणाकार तोंडी करतात. पण म्हातारपण कुणाला सांगून येत नाही.

त्यांनी घड्याळ काउंटरवर ठेवलं. चालू होतं! इतके दिवस ट्रंकेत बंद, किल्ली दिलेली नाही, तरी वेळ अगदी बरोबर. जुन्या बनावटीला तोड नाही. तपासणी विभागात असतो तर मी यावर डोळे मिटून शिक्का मारला असता.

बाई म्हणाल्या, "तुमची बायको माझ्या वर्गात हवी होती." मी म्हणालो, ती गणितात कच्ची आहे. "असं वाटतं खरं," बाई म्हणाल्या.

पण आता माझ्यापुढे नवा पेच. चोरी झालीच नव्हती. लोकांनी भीतीपोटी कुलपं घेतली. ही विक्री टिकू देणं मला शोभत नाही.

१४ जून

बायको नको नको म्हणत असताना घरोघर गेलो. चोरी झाली नव्हती, कुलूप परत करायचं असेल तर मी जुनं बसवून देतो, पैसे पूर्ण परत.

काकांनी दार न उघडता आतून सांगितलं, "नवीन कुलूप लावलंय, आता येऊ शकत नाही तुम्ही." मग हसत उघडलं, आणि चहा नको म्हणालो तरी पाजला.

ताई म्हणाल्या, "असं सांगायला कुठला दुकानदार आला असता? माझ्या बहिणीच्या घरी पण बसवायचीत. उद्या चला."

डॉक्टर म्हणाले, "दवाखान्याचं पण बघा. आणि कानातला आवाज कसा आहे?"

एकही कुलूप परत आलं नाही. उलट प्रत्येकाने नव्या किल्ल्यांतली एक माझ्या हातात दिली. "ही आपली तुमच्याकडे असू द्या." फळीला तिसरी ओळ ठोकावी लागणार.

३० जून

दुकानाचा करार वाढवला. मेहुणा आला होता. त्याच्याही गोदामाला कुलपं हवी आहेत. मी गोदाम पाहून आलो. खरंच एकही खिडकी नाही. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "माहीत आहे मला. म्हणून तर." म्हणून तर काय, ते सांगितलं नाही.

व्यापारी मंडळाने पुढच्या सभेत मला बोलायला सांगितलं आहे: गिऱ्हाइकाचा विश्वास कसा मिळवला? जेवताना बायकोला मुद्दे वाचून दाखवले. कोणतीही युक्ती नाही, कोणतंही नाटक नाही, फक्त खरं बोलणं. ते उशिरा का होईना, लोकांना पटतं. तिला एवढा जोराचा ठसका लागला की पाणी द्यावं लागलं, पाठ चोळावी लागली. डोळे पुसत म्हणाली, "फार छान आहे. अगदी असंच बोला."

कानातली टिकटिक घड्याळ सापडलं त्याच्या आदल्या दुपारपासून पूर्ण थांबली आहे. मनाला पुढचं आधीच कळतं म्हणतात, ते खोटं नसावं. एक बरं झालं, झुरळंही गेली. बायको आता पावडर टाकत नाही.